महायुद्धकाळातील महाराष्ट्र आणि जर्मन नागरिक

विसाव्या शतकातील दोन महायुद्धांच्या काळात तत्कालीन मुंबई इलाख्यातील जर्मन नागरिकांकडे पाहण्याचा शासनाचा आणि समाजाचा दृष्टिकोन अनेकदा बदलला. एकोणिसाव्या शतकात संस्कृत पंडित, शिक्षक आणि व्यापारी म्हणून परिचित असलेले जर्मन १९१४ आणि १९३९ या दोन्ही वर्षी 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरले. त्यांच्यासाठी अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर), देवळाली, सातारा आणि पुरंदर येथे छावण्या किंवा निवासकेंद्रे उघडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांतच स्वतंत्र भारत आणि पश्चिम जर्मनी यांच्यात सहकार्याचे संबंध निर्माण झाले. याच काळात अमेरिकेतही जर्मनांविषयीची भावना वेगाने बदलली. तेथील द्वेष मोठ्या प्रमाणावर समाजातून उफाळला होता, तर महाराष्ट्रात शत्रुत्वाची व्याख्या प्रामुख्याने ब्रिटिश शासनाने केली. मराठी लोकमत या व्याख्येशी पूर्णपणे एकरूप झाले नाही. कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड जिल्हा) पेण आणि रोहे या परिसरांशी संबंधित व्यक्तींच्या व समाजांच्या इतिहासात या बदलाच्या वेगवेगळ्या बाजू दिसतात.

पार्श्वभूमी

महायुद्धांपूर्वी सुशिक्षित मराठी समाजात जर्मनीची प्रतिमा विद्येचा देश अशी होती. मार्टिन हौग आणि फ्रान्झ कीलहॉर्न यांनी पुण्यात, तर गेऑर्ग ब्यूह्लर यांनी मुंबईत संस्कृतचे अध्यापन व संशोधन केले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना गॉटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये सन्माननीय पदवी दिली. ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्युलर कधीही भारतात आले नाहीत, तरी येथील संस्कृतज्ञांमध्ये ते 'मोक्षमुल्लर भट्ट' या नावाने ओळखले जात. लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत असताना त्यांच्या सुटकेसाठी करण्यात आलेल्या अर्जावर मॅक्स म्युलर यांचीही सही होती. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे पुढे प्रमुख संपादक झालेले विष्णु सीताराम सुखठणकर यांनी बर्लिन येथे डॉक्टरेट मिळवली होती.

शिक्षणक्षेत्रातही जर्मनांचे स्थान महत्त्वाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबई आणि पुणे येथील रोमन कॅथलिक मिशनची जबाबदारी जर्मन जेझुइटांकडे होती. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज (१८६९) आणि पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स विद्यालय (१८६७) यांच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता. जर्मन रंग, औषधे, यंत्रे आणि पोलादी वस्तू बाजारात सर्वत्र मिळत. मराठीत ॲल्युमिनियमच्या भांड्यांना 'जर्मनची भांडी' म्हणण्याची रूढी आजही आढळते.

पहिले महायुद्ध

ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारताच भारतही त्यात ओढला गेला. मंडालेहून नुकतेच सुटून आलेल्या टिळकांनी त्याच महिन्यात सरकारला सहकार्याचे आवाहन करणारे निवेदन प्रसिद्ध केले. हे सहकार्य स्वराज्याच्या मागणीपासून वेगळे नव्हते. जून १९१८ मध्ये मुंबईत भरलेल्या युद्धपरिषदेत टिळकांनी हा संबंध मांडताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना बोलू दिले नाही.

युद्ध सुरू झाल्यावर भारतातील जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांना ताब्यात घेण्यात आले. अहमदनगर येथील लष्करी छावणी हे त्यांच्या स्थानबद्धतेचे प्रमुख केंद्र ठरले. व्यापारी, खलाशी, अभियंते आणि धर्मोपदेशक तेथे एकत्र आले. दक्षिण भारतातील बासेल मिशनचे अनेक जर्मन कार्यकर्तेही तेथे होते. या मिशनच्या कौल व विणकाम कारखान्यांचा ताबा पुढे ब्रिटिशांच्या कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला.

मुंबईच्या जेझुइटांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. अनेक पिढ्यांनी ज्यांच्याकडे शिक्षण घेतले होते, ते शिक्षकच आता संशयित ठरले. सुरुवातीला काहींना काम चालू ठेवता आले, परंतु इंग्रज वर्तुळांतून विरोध वाढत गेल्यावर निर्बंध कठोर झाले. १९१५-१६ मध्ये 'गोलकोंडा' या जहाजाने अनेक जर्मन धर्मोपदेशक व कुटुंबे यांना युरोपात परत पाठविण्यात आले. १९१६ मध्ये मुंबईचे जर्मन आर्चबिशप हेर्मान युर्गन्स यांचे निधन झाले. त्यानंतर १९१९ मध्ये ॲल्बन गुडियर या इंग्रज जेझुइटाची त्यांच्या जागी नियुक्ती झाली. स्विस नागरिकत्व असलेले जेझुइट मात्र महाविद्यालयात राहू शकले. एकाच संघात एकच भाषा बोलणाऱ्या आणि एकच काम करणाऱ्या माणसांपैकी कोणी राहायचे व कोणी जायचे, हे त्यांच्या नागरिकत्वावरून ठरले. पुढच्या महायुद्धात याच निकषाची अधिक कठोर परीक्षा झाली.

अमेरिकेतील परिस्थितीशी तुलना

अमेरिकेत जर्मन हा परका समूह नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत जन्मलेल्या अमेरिकावासीयांची संख्या २० लाखांहून अधिक होती आणि जर्मन वंशाचे नागरिक त्याहून कितीतरी जास्त होते. त्यांच्या शाळा, चर्च, वृत्तपत्रे आणि गायनमंडळे यांना समाजात प्रतिष्ठा होती. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरताच हे चित्र पालटले. सुमारे ४,८०,००० जर्मन नागरिकांची नोंदणी करण्यात आली. अनेक शाळांतून जर्मन भाषा हद्दपार झाली आणि 'सॉअरक्राउट' या आंबवलेल्या कोबीला 'लिबर्टी कॅबेज' म्हटले जाऊ लागले. मे १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरने सार्वजनिक ठिकाणी इंग्रजीखेरीज अन्य भाषा वापरण्यास मनाई केली. ५ एप्रिल १९१८ रोजी इलिनॉय राज्यातील कॉलिन्सव्हिल येथे रॉबर्ट प्रागर या जर्मन खाणकामगाराला जमावाने फासावर लटकावले. या प्रकरणातील आरोपी निर्दोष सुटले. अशा भाषाबंदीला १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मायर विरुद्ध नेब्रास्का' या खटल्यात घटनाबाह्य ठरविले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील चित्र वेगळे होते. जर्मन वंशाच्या सुमारे ११,००० व्यक्तींना स्थानबद्ध करण्यात आले, परंतु जर्मन-अमेरिकन समाजाला सरसकट शत्रू मानले गेले नाही. जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० व्यक्तींना मात्र एकगठ्ठा छावण्यांत हलविण्यात आले आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते. 'नाझी' आणि 'जर्मन' यांत करण्यात आलेला भेद जपानी समाजाच्या वाट्याला आला नाही. त्यामागे वंशभेद हे महत्त्वाचे कारण होते.

महाराष्ट्रात जर्मनांची संख्या अत्यल्प होती आणि ते मराठी समाजाचे प्रतिस्पर्धी नव्हते. 'शत्रू कोण' हे ठरविण्याचा अधिकारही भारतीयांकडे नव्हता. त्यामुळे अमेरिकेतील १९१८ सारखा सामाजिक द्वेष येथे मूळ धरू शकला नाही.

दुसरे महायुद्ध : स्थानबद्धता

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय प्रतिनिधींशी विचारविनिमय न करता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. त्यानंतर जर्मन पुरुषांची धरपकड सुरू झाली आणि अहमदनगर पुन्हा स्थानबद्धतेचे केंद्र बनले. नंगा पर्वताच्या मोहिमेवर आलेले ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर यांनाही प्रथम येथेच आणले गेले. १९४१ मध्ये स्थानबद्धांना देवळाली येथे आणि नंतर डेहराडून येथील मोठ्या छावणीत हलविण्यात आले. सातारा आणि पुरंदर येथे कुटुंबांसाठी, तसेच कमी धोकादायक समजल्या गेलेल्या व्यक्तींसाठी पॅरोल केंद्रे होती. तेथे राहणाऱ्यांना ठराविक हद्दीत फिरण्याची मुभा असे, परंतु परवानगीशिवाय ती हद्द ओलांडता येत नसे.

अहमदनगरच्या किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य बंदिवान होते. एकाच युद्धात ब्रिटिश शासनाने जर्मन नागरिकांना आणि भारतीय राष्ट्रीय नेत्यांना एकाच शहरात डांबले. शासनाच्या दृष्टीने दोघेही युद्धप्रयत्नांना धोका होते.

निर्वासित ज्यूंची दुहेरी कोंडी

१९३३ नंतर नाझी छळातून सुटून काही जर्मन व ऑस्ट्रियन ज्यू मुंबईत आले होते. त्यांच्या मदतीसाठी शहरात ज्यूइश रिलीफ असोसिएशन ही संस्था कार्यरत होती. त्यांच्यात डॉक्टर, अभियंते, कलावंत आणि लेखक होते. बर्लिनमधील प्रसिद्ध साहित्यिक साप्ताहिकाचे संपादक विली हास यांनी मुंबईत चित्रपटांसाठी लेखन केले. वॉल्टर काउफमान यांनी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहिले. रुडॉल्फ फॉन लायडन, वॉल्टर लांगहामर आणि इमॅन्युएल श्लेझिंगर यांनी १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या तरुण चित्रकारांना प्रोत्साहन दिले.

युद्ध सुरू झाल्यावर निर्वासितांपैकी अनेकांकडे जर्मन पारपत्र असल्याने तेही शत्रू ठरले. अहमदनगरच्या छावणीत नाझी समर्थक आणि नाझींपासून पळालेले लोक काही काळ एकत्र ठेवले गेले. माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्थानबद्धांची चौकशी केल्यानंतर बहुतेक निर्वासितांची सुटका झाली. १९४० च्या मध्यास फ्रान्सचा पाडाव होताच संशय पुन्हा बळावला आणि त्यांतील अनेकांना परत स्थानबद्ध करण्यात आले किंवा पुरंदर, सातारा अशा ठिकाणी राहण्यास भाग पाडले गेले.

नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मन सरकारने एका हुकुमाद्वारे परदेशी राहणाऱ्या ज्यूंचे जर्मन नागरिकत्व काढून घेतले. ज्या नागरिकत्वामुळे ब्रिटिशांनी या लोकांना शत्रू ठरविले होते, ते नागरिकत्वच जर्मनी त्यांना नाकारत होती. या व्यवस्थेचा मूळ दोष येथे उघड होतो. पारपत्रावरून माणसाचे राष्ट्र कळत होते, पण तो त्या राष्ट्राच्या सत्तेचा समर्थक आहे की बळी, हे कळत नव्हते.

बॉम्बे टॉकीज

मालाड येथील बॉम्बे टॉकीज (स्थापना १९३४) या चित्रपटसंस्थेवर युद्धाचा थेट परिणाम झाला. हिमांशु राय आणि देविकाराणी यांच्या या संस्थेत दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन आणि छायालेखक जोसेफ विर्शिंग यांच्यासह अनेक जर्मन तंत्रज्ञ काम करीत. 'अछूत कन्या' (१९३६) हा ओस्टेन यांचा गाजलेला चित्रपट होता. १९३९ मध्ये 'कंगन' या चित्रपटाचे काम चालू असताना जर्मन तंत्रज्ञांना अटक झाली आणि चित्रपट भारतीय सहकाऱ्यांनी पूर्ण केला.

ओस्टेन जर्मनीला परतले. विर्शिंग यांनी युद्धकाळ स्थानबद्धतेत काढला आणि सुटकेनंतर ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत परत आले. 'महल' (१९४९) या चित्रपटाचे छायालेखन त्यांचे आहे. 'पाकीझा'चे काम चालू असताना १९६७ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. राज्यकर्त्यांनी शत्रू ठरविलेल्या तंत्रज्ञाला त्याच्या व्यवसायातील सहकाऱ्यांनी पुन्हा स्वीकारल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

मराठी लोकमत

१९३९ नंतर जर्मनीविषयीचे भारतीय मत एकसंध नव्हते. काँग्रेस कार्यकारिणीने १४ सप्टेंबर १९३९ रोजी वर्धा येथे प्रसिद्ध केलेल्या निवेदनात नाझी आक्रमणाचा निषेध केला. भारताच्या संमतीशिवाय लादलेल्या युद्धात सहभागी होण्यास मात्र तिने नकार दिला. त्यानंतर बाळ गंगाधर खेर यांच्या नेतृत्वाखालील मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. विनायक दामोदर सावरकर यांनी १९३८ मधील भाषणांत जर्मनीच्या अंतर्गत राज्यव्यवस्थेवर टीका करण्यास विरोध दर्शविला होता. युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी हिंदू तरुणांनी ब्रिटिश भारतीय सैन्यात भरती व्हावे असा प्रचार केला. सुभाषचंद्र बोस एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोहोचल्यानंतर 'इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र' या विचाराला बळ मिळाले. बर्लिनमध्ये राहिलेले एन. जी. गणपुले यांनी बोस यांच्या तेथील कार्यावर पुढे पुस्तक लिहिले.

या भूमिका परस्परविरोधी असल्या, तरी त्यांचे केंद्र भारत-ब्रिटन संबंध हेच होते. जर्मन माणसाविषयीचा द्वेष त्यांत फारसा नव्हता. याची दुसरी बाजू अशी की नाझी राजवटीच्या बळींचा प्रश्नही त्यांत दुय्यम राहिला.

पेण आणि रोहे परिसर

कुलाबा जिल्ह्यात जर्मनांची वसाहत किंवा मोठी छावणी नव्हती. या भागाचा विषयाशी संबंध येथील माणसांच्या माध्यमातून येतो.

अलिबाग, पेण, रोहे आणि आसपासच्या गावांत बेने इस्रायली हा मराठीभाषक ज्यू समाज अनेक शतके राहत आला. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची सुटी यांमुळे त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर, राजपुरकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडली आहेत. पेण येथे त्यांचे एकोणिसाव्या शतकातील प्रार्थनास्थळ आहे. या समाजातील डॉ. एलिजा मोझेस राजपुरकर १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते. कोकणातील या समाजाला शेजाऱ्यांकडून धार्मिक छळ सोसावा लागला नव्हता. त्याच काळात जर्मनीतील ज्यूंना त्यांचे शेजारी आणि त्यांचे शासन दोघेही परके ठरवीत होते. मुंबईत आलेल्या जर्मन ज्यूंचा आणि बेने इस्रायलींचा धर्म एक असला, तरी भाषा, पेहराव आणि आहार पूर्ण वेगळे होते. ब्रिटिश शासनाच्या लेखी एक शत्रुराष्ट्राचा नागरिक होता आणि दुसरा साम्राज्याचा प्रजाजन.

विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे युद्धविरोधी भाषण करून ते वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही झाले आणि त्यांना कारावास भोगावा लागला. त्यांचा विरोध ब्रिटनच्या पराभवासाठी किंवा जर्मनीच्या बाजूने नव्हता. युद्ध या साधनालाच त्यांनी अहिंसेच्या भूमिकेतून नकार दिला होता. 'युद्धाला पाठिंबा नाही म्हणजे शत्रूला पाठिंबा' हे समीकरण या सत्याग्रहाने अमान्य केले.

रोहे तालुक्याला लागून असलेल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांनी जर्मनांचे मशीनगनचे ठाणे एकट्याने काबीज केले आणि त्याच लढाईत त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. जर्मन हा कोकणातील बहुतेकांसाठी वृत्तपत्रातला शब्द असताना घाडगे यांच्यासारख्या सैनिकांसाठी तो समोरून गोळीबार करणारा शत्रू होता.

भारताचे अर्थमंत्री (१९५०-५६) चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे बालपण रोहे येथे गेले. १९४४ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून त्यांनी ब्रेटन वुड्स परिषदेत भाग घेतला. युद्धोत्तर जगाची अर्थव्यवस्था कशी असावी, हा त्या परिषदेचा विषय होता. ते अर्थमंत्री असतानाच भारताने पश्चिम जर्मनीशी औद्योगिक सहकार्य सुरू केले.

युद्धोत्तर काळ

युरोपातील युद्ध मे १९४५ मध्ये संपले, तरी भारतातील अनेक जर्मन स्थानबद्धांना त्यानंतर दीड वर्ष थांबावे लागले. १९४६ च्या अखेरीस त्यांतील बहुसंख्यांना जहाजाने हॅम्बुर्गला पाठविण्यात आले. अनेक वर्षे भारतात राहिलेल्यांना उद्ध्वस्त झालेल्या मायदेशात नव्याने सुरुवात करावी लागली. काही निर्वासित भारतात राहिले, तर अनेक जण ब्रिटन, अमेरिका आणि पॅलेस्टाइनकडे वळले. १९४८ नंतर कोकणातील बेने इस्रायली कुटुंबेही मोठ्या संख्येने इस्रायलला स्थलांतरित झाली.

याच सुमारास अमेरिकेचे धोरण झपाट्याने बदलत होते. १९४४ मधील मॉर्गेन्थाउ योजनेत जर्मनीचे उद्योग मोडून काढण्याचा विचार होता आणि १९४५ मध्ये अमेरिकी सैनिकांना जर्मनांशी मैत्री करण्यास मनाई होती. सप्टेंबर १९४६ मध्ये परराष्ट्रमंत्री जेम्स बर्न्स यांनी श्टुटगार्ट येथील भाषणात पुनर्बांधणीची भूमिका मांडली. मार्शल योजना आणि १९४८-४९ मधील बर्लिनचा हवाई पुरवठा यांमुळे पराभूत शत्रूची जागा सोव्हिएत संघाविरुद्धच्या मित्राने घेतली. या बदलाचा वेग न्यायाच्या मागणीला मारक ठरला, अशी टीकाही झाली. नाझी राजवटीसाठी काम केलेल्या शास्त्रज्ञांना अमेरिकेने 'ऑपरेशन पेपरक्लिप' अंतर्गत आपल्याकडे नेले होते.

भारताने १ जानेवारी १९५१ रोजी जर्मनीशी असलेली युद्धस्थिती औपचारिकपणे संपविली आणि त्याच वर्षी पश्चिम जर्मनीशी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. १९५३ मध्ये क्रुप आणि डेमाग या जर्मन कंपन्यांशी राउरकेला पोलाद प्रकल्पाबाबत करार झाला. १९५४ मध्ये टाटा आणि डायम्लर-बेंझ यांचे मालमोटारींच्या निर्मितीसाठी सहकार्य सुरू झाले. इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना १९५६ मध्ये मुंबईत झाली. भारतातील गोएथे संस्थेच्या केंद्रांना 'मॅक्स म्युलर भवन' हे नाव देण्यात आले. विद्येचा देश ही युद्धपूर्व प्रतिमा अशा प्रकारे यंत्रे आणि तंत्रशिक्षणाच्या जोडीने परत आली.

स्वरूप आणि महत्त्व

महाराष्ट्रात जर्मनांशी समेट सहज झाला, कारण समाजाच्या पातळीवर वैर फारसे निर्माणच झाले नव्हते. शत्रुत्व कायद्याने लागू झाले आणि कायद्यानेच मागे घेतले गेले. अमेरिकेत जमावाने शेजाऱ्याला शत्रू ठरविले होते, तर येथे कार्यालयीन वर्गवारीने शिक्षक, कलावंत आणि निर्वासित यांना शत्रूंच्या यादीत बसविले. पहिल्या प्रकारात हिंसा उघड होती. दुसऱ्या प्रकारात ती कमी दिसली, तरी तिने अनेकांची उमेदीची वर्षे हिरावून घेतली.

वैर नसल्यामुळे आणखी एक गोष्ट घडली. जर्मनीने युद्धकाळात काय केले, याची चर्चा भारतात ब्रिटिशविरोधी लढ्याच्या आणि नंतर औद्योगिक सहकार्याच्या छायेत राहिली. युरोपात ज्यूंच्या संहाराने जर्मन इतिहासाचे मूल्यमापन बदलले. कोकणातील ज्यू समाज शेजारी असूनही मराठी सार्वजनिक चर्चेत या प्रश्नाला तसे स्थान मिळाले नाही. व्यक्ती, तिचे राष्ट्र आणि त्या राष्ट्राची राजवट या तीन गोष्टी वेगळ्या ओळखण्याची गरज अहमदनगर, सातारा आणि पुरंदर येथील स्थानबद्धतेच्या इतिहासातून स्पष्ट होते.